रशियातली लाल-तपकिरी आघाडी: कम्युनिस्टांनी राष्ट्रवाद्यांना वापरलं की राष्ट्रवादच त्यांना गिळून बसला?

पैलतीर

सोव्हिएत संघ मोडून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा २४ ऑक्टोबर १९९२ रोजी मॉस्कोत 'राष्ट्रबचाव आघाडी' उभी राहिली. तिच्या नेत्यांची नावं एकत्र वाचली की आजही प्रश्न पडतो, ही माणसं एका खोलीत बसली तरी कशी? गेन्नादी झ्युगानोव सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचार विभागात वाढलेले, पुढे रशियाच्या कम्युनिस्ट पक्षाचे नेते. जनरल अल्बर्ट माकाशोव १९९१ साली येल्त्सिनविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढलेले. त्यांच्या जोडीला मिखाईल आस्ताफ्येव, स्वतःला झारच्या काळातल्या उदारमतवादी काडेट पक्षाचे वारस म्हणवणारे. याच काडेटांना लेनिनच्या सरकारने १९१७ च्या अखेरीस 'जनतेचे शत्रू' ठरवलं होतं. इल्या कोन्स्तांतिनोव काल-परवापर्यंत येल्त्सिनच्या गोटातले लोकशाहीवादी. आणि ईगोर शाफारेविच, जगप्रसिद्ध गणिती, ज्यांनी सोव्हिएत काळात समाजवादावर कडाडून टीका केली होती. येल्त्सिन यांनी चार दिवसांत आघाडीवर बंदी घातली, फेब्रुवारी १९९३ मध्ये घटना न्यायालयाने ती उठवली.

या युतीला विरोधक 'लाल-तपकिरी' म्हणत: लाल म्हणजे कम्युनिस्ट, तपकिरी म्हणजे फॅसिस्ट वळणाचे राष्ट्रवादी. तिच्याकडे बहुतेक जण संधिसाधूपणा म्हणून पाहतात. बुडत्याला काडीचा आधार, एवढंच. मला ते पटत नाही. संधिसाधू माणूस वेळ निघून गेली की मूळ जागी परततो. झ्युगानोव आणि त्यांचा पक्ष कधीच परतला नाही.

सुरुवात आघाडीच्याही आधीची आहे. २३ जुलै १९९१ ला 'सोव्हेत्स्काया रोसिया' या दैनिकात जनतेला उद्देशून एक आवाहन छापून आलं. सह्या बारा जणांच्या. झ्युगानोव, लेखक प्रोखानोव, रास्पुतिन आणि बोंदारेव, जनरल वारेन्निकोव, गायिका ल्युदमिला झिकिना. ते वाचून पाहा. मातृभूमी आहे, पूर्वजांनी हाती दिलेलं राज्य आहे, सैन्य आहे, देवाधर्माची माणसं आहेत. वर्गसंघर्ष शोधूनही सापडत नाही. म्हणजे सत्ता हातात असतानाच कम्युनिस्ट नेत्यांच्या एका गटाने समाजवादाची भाषा सोडून दिली होती.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी. १२ डिसेंबर १९९१ ला सोव्हिएत संघ मोडणारा करार रशियाच्या सर्वोच्च सोव्हिएतपुढे, म्हणजे तेव्हाच्या संसदेपुढे, मंजुरीला आला. बाजूने १८८ मतं, विरोधात फक्त ६. त्या सभागृहात कम्युनिस्ट काय थोडे होते? विरोधात उभा राहून बोलला तो सेर्गेई बाबुरिन, जो पुढे राष्ट्रवाद्यांच्या पहिल्या फळीत गेला. माझ्या मते राष्ट्रवाद्यांचा नैतिक दबदबा इथून सुरू होतो. ज्या दिवशी उभं राहायचं त्या दिवशी कम्युनिस्ट बसून राहिले, आणि पुढची सगळी वर्षं त्याची भरपाई 'देश विकला' असं इतरांपेक्षा मोठ्याने ओरडून करत राहिले.

याची किंमत कामगारांनी मोजली. खाणी, कारखाने, न मिळालेले पगार हे विषय कायम दुसऱ्या रांगेत गेले. पहिल्या रांगेत 'महान राज्य'. आणि ज्या विरोधी पक्षाला राज्यच पूज्य, तो राज्याला विरोध करणार कसा? पुतिन यांनी डिसेंबर २००० मध्ये सोव्हिएत राष्ट्रगीताची चाल परत आणली, तेव्हा झ्युगानोव यांच्या हातात वेगळं असं उरलंच काय होतं?

दुसरी बाजू वाचायची आहे. लिहा.

खडकवाट

धागा चांगला आहे, पण तुम्ही जानेवारी १९९२ वर एक ओळही लिहिलेली नाही. त्याशिवाय हा विषय कळूच शकत नाही.

२ जानेवारी १९९२ ला येल्त्सिन सरकारचं अर्थधोरण सांभाळणाऱ्या गायदार यांनी बहुतेक किमतींवरचं नियंत्रण उठवलं. त्या वर्षात किमती सव्वीसपट झाल्या. जन्मभर बचत बँकेत टाकलेले पैसे काही महिन्यांत मातीमोल. कारखाने चालू, पण पगार नाहीत. पुरुषांचं सरासरी आयुर्मान १९९० मध्ये चौसष्टच्या आसपास होतं, १९९४ मध्ये अठ्ठावन्नच्या खाली आलं. युद्ध नाही, महामारी नाही, आणि सहा वर्षं गेली! हे सगळं चालू असताना या माणसांच्या बाजूने कोण बोलत होतं? मॉस्कोचे उदारमतवादी? ते म्हणत होते, थोडं सोसा. बाहेरचे देश येल्त्सिनच्या पाठीवर थाप मारत होते.

अशा वेळी पेन्शनवर जगणारी शिक्षिका, सैन्यातून काढून टाकलेला कर्नल, लातव्हियात एका रात्रीत परका झालेला रशियन कामगार हे एकाच मोर्चात आले तर त्यात नवल ते काय? एकाची पेन्शन गेली, दुसऱ्याची पलटण, तिसऱ्याचा देश. तिघांचंही ज्या एका राज्यासोबत गेलं, त्याचं नाव सोव्हिएत संघ होतं. त्यांच्यासाठी 'राज्य' ही पोकळ पूजा नव्हती. पेन्शन राज्यच देत होतं.

दुसरं. 'लाल-तपकिरी' हा शिक्का येल्त्सिन यांच्या फार सोयीचा होता. १९९३ च्या संसदेचे सभापती खसबुलातोव आणि उपराष्ट्राध्यक्ष रुत्स्कोय हे दोघे ऑगस्ट १९९१ च्या कट्टर कम्युनिस्टांच्या बंडाविरुद्ध येल्त्सिनच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. त्यांना फॅसिस्ट म्हणायचं कशाच्या आधारावर? संसद १९९० मध्ये रीतसर निवडून आलेली. संसद बरखास्त करणारा येल्त्सिन यांचा २१ सप्टेंबर १९९३ चा हुकूम क्रमांक १४०० घटनेच्या विरुद्ध आहे हे घटना न्यायालयाने त्याच रात्री सांगितलं. तरी ४ ऑक्टोबरला त्याच संसदेवर रणगाड्यांतून तोफा डागल्या. सरकारी आकडा १४७ मृतांचा. आपल्याकडे एखाद्या पंतप्रधानाने संसद भवनावर तोफा डागल्या असत्या तर आपण 'पण आत कोणकोण बसले होते' अशी चर्चा केली असती का?

पैलतीर

@खडकवाट, तोफांच्या मुद्द्यावर आपल्यात मतभेदच नाही. तो गुन्हा होता, आणि आजच्या रशियातली राष्ट्राध्यक्षाच्या हाती एकवटलेली सत्ता डिसेंबर १९९३ च्या नव्या राज्यघटनेतून आली. हे मला मान्य आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. उपाशी माणसं आघाडीच्या मागे होती, असं तुम्ही धरून चालला आहात. २५ एप्रिल १९९३ च्या सार्वमताचं काय? गायदार यांच्या वर्षानंतर, किमती आकाशाला भिडलेल्या असताना ५८.७ टक्के लोकांनी येल्त्सिनवर विश्वास दाखवला. त्याहून आश्चर्य म्हणजे त्यांच्या आर्थिक-सामाजिक धोरणालाही ५३ टक्के. ज्यांचे खिसे कापले गेले त्यांनीच खिसेकापूला मत का दिलं? माझं उत्तर असं की समोर मोर्चात दिसणारं चित्र त्यांना आणखी भीतीदायक वाटलं. लाल झेंड्याशेजारी झारच्या साम्राज्याचा काळा-पिवळा-पांढरा झेंडा. 'ज्यूंचं सरकार' अशा घोषणा. पगाराचा प्रश्न घेऊन आलेला सामान्य माणूस तिथून मागे फिरला.

आणि संसद भवनात नवनाझी नेते बार्काशोव यांची माणसं होती, बाहीवर स्वस्तिकावरून बेतलेलं चिन्ह लावून, हातात शस्त्रं घेऊन. त्यांना बाहेर काढायची हिंमत कोणी केली नाही. १९४५ च्या विजयाच्या नावाने शपथ घेणाऱ्या कम्युनिस्टांनी त्या बाह्यांकडे पाहून गप्प बसावं? माझ्या गळी हे काही केल्या उतरत नाही.

वोल्गापार

मी त्या वर्षांत तिथे वैद्यकीय शिक्षण घेत होते, म्हणून लिहिते. राजकारणाचा अभ्यास नाही, जे पाहिलं तेवढंच.

१९९२ च्या हिवाळ्यात मेट्रो स्टेशनबाहेर माणसं दोन्ही बाजूंना रांग करून उभी असायची. दुकान नाही, टेबल नाही. प्रत्येकाच्या हातात एखादीच वस्तू. कोणाकडे न वापरलेले बूट, कोणाकडे खोक्यासकट किटली, एका बाईंच्या हातात लग्नातल्या सेटमधले सहा काचेचे पेले. आमच्या शरीरशास्त्राच्या बाई मला एकदा त्या रांगेत दिसल्या. मी मान वळवून पुढे गेले, त्यांनी पाहू नये म्हणून.

आमच्या वसतिगृहाच्या दारावर एक आजी बसायच्या. किल्ल्या त्यांच्याकडे, रात्री उशीर झाला की ओरडा त्यांचाच. त्यांच्या टेबलाच्या खणात पक्षाचं लाल ओळखपत्र आणि मेरीमातेची लहानशी प्रतिमा शेजारी शेजारी असायची. त्यांना त्यात विसंगती वाटत नव्हती. नवरा युद्धात जखमी होऊन आलेला, मुलगा एका बंद पडत चाललेल्या कारखान्यात. ७ नोव्हेंबरच्या, म्हणजे क्रांतिदिनाच्या, मोर्चाला त्या ठेवणीतला कोट घालून गेल्या. मी विचारलं, कशासाठी? म्हणाल्या, 'आम्ही अजून आहोत हे दिसू दे त्यांना.' १९९६ मध्ये त्यांनी झ्युगानोव यांनाच मत दिलं असणार, मला खात्री आहे. त्यांना कोणी तपकिरी म्हटलेलं मला सहन होणार नाही.

पण @खडकवाट, हेही लिहायला हवं. त्याच मोर्चांच्या कडेला जी वर्तमानपत्रं विकली जात, त्यांच्या पहिल्या पानावर लांब नाकाच्या ज्यूंची व्यंगचित्रं असत. बाजारात भाजी-फळं विकणाऱ्या अझरबैजानी माणसांना ढकलणारी, शिव्या देणारी तरुण पोरं त्या काळात वाढत गेली. आम्ही भारतीय मुलं-मुली संध्याकाळनंतर एकटं बाहेर पडेनासे झालो. आधीच्या वर्षांत असं नव्हतं, असं आमचे सिनिअर सांगायचे. आजी आणि ती पोरं एकाच मोर्चात चालत होती. आजींना ते दिसत होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

तिसरा घाट

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात इतकं अघटित काय वाटतं, हेच कळत नाही. संयुक्त महाराष्ट्र समितीत कोण होतं? डांग्यांचे कम्युनिस्ट, एसेम जोशींचे प्रजासमाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, आणि १९५७ च्या निवडणुकीत हिंदुमहासभा-जनसंघही. भाषिक अस्मितेच्या झेंड्याखाली सगळे एक झाले आणि १ मे १९६० ला राज्य मिळालं. डांग्यांना त्यामुळे कोणी तपकिरी म्हटलं नाही. १९८९ मध्ये व्ही. पी. सिंगांचं सरकार भाजप आणि डावे, दोघांच्या बाहेरून पाठिंब्यावर उभं होतं. समोरचा बलाढ्य असला की असे हात मिळवावेच लागतात.

पैलतीर

@तिसरा घाट, समितीची आठवण योग्यच, पण तीच माझ्या बाजूने बोलते. समितीची मागणी एक होती आणि ती पूर्ण झाली की नाही हे नकाशावर दाखवता येत होतं. मुंबईसह महाराष्ट्र झाला, समिती विखुरली, प्रत्येक जण आपापल्या घरी. शिवाय गिरणी कामगार त्या लढ्याच्या मध्यभागी होता, हुतात्म्यांतही होता. भाषेचा प्रश्न आणि कामगाराचा प्रश्न मुंबईत एकमेकांना चिकटलेले होते, कारण भांडवल एकाचं आणि घाम दुसऱ्याचा.

रशियात मागणी कसली? 'महान राज्य परत आणा.' ते कधी परत आलं म्हणायचं? युक्रेन परत आल्यावर? बाल्टिक आल्यावर? १५ मार्च १९९६ ला कम्युनिस्टांचं वजन असलेल्या दूमाने, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, संघ मोडणारा करारच रद्दबातल ठरवणारा ठराव केला. शेजारच्या देशांनी तो वाचून काय समजायचं होतं?

आणि १९८९ चं उदाहरण तर नकोच. तिथे डावे आणि भाजप एका व्यासपीठावर एक विचार मांडायला बसले नव्हते. अकरा महिन्यांत सगळं संपलं.

अनुस्वार

दोन्ही बाजू भावनेवर चालल्या आहेत, म्हणून थोडे आकडे.

डिसेंबर १९९३ ची दूमा निवडणूक: कडवे राष्ट्रवादी झिरिनोव्स्की यांचा पक्ष २२.९ टक्के, कम्युनिस्ट १२.४. राष्ट्रबचाव आघाडीला निवडणूक लढूच दिली नाही, बाबुरिन यांची संघटना सह्यांच्या अटीत अडकली. म्हणजे राष्ट्रवादाचं मत गेलं ते आघाडीबाहेरच्या झिरिनोव्स्कींकडे, आणि या गृहस्थांनी येल्त्सिनच्या नव्या घटनेला उघड पाठिंबा दिला होता!

डिसेंबर १९९५: कम्युनिस्ट २२.३ टक्के, ४५० पैकी १५७ जागा. अनपिलोव यांचा कडवा डावा गट स्वतंत्र लढला आणि साडेचार टक्क्यांवर अडकला, पाच टक्क्यांची अट चुकली. तेव्हा 'राष्ट्रवाद नसता तर डाव्यांना कोणी विचारलं नसतं' हेही खरं नाही. शुद्ध डाव्या मतांचा एक बऱ्यापैकी गठ्ठा होता, तो झ्युगानोवनी सांभाळला नाही.

१९९६ ची पहिली फेरी: येल्त्सिन ३५.३, झ्युगानोव ३२, जनरल लेबेद १४.५. लेबेद राष्ट्रवादी, शिस्तीची भाषा बोलणारे. आघाडीचं गणित बरोबर असतं तर त्यांची मतं झ्युगानोवना मिळायला हवी होती. येल्त्सिननी दोन फेऱ्यांच्या मध्ये लेबेदना सुरक्षा परिषदेचं सचिवपद दिलं आणि दुसऱ्या फेरीत ५३.८ विरुद्ध ४०.३ असा निकाल लागला. राष्ट्रवादी मतदार कम्युनिस्टांकडे आलेच नाहीत, उलट राष्ट्रवादाने कम्युनिस्टांचे विचार मात्र बदलले.

खडकवाट

@अनुस्वार, १९९६ चे आकडे देताना टीव्हीबद्दल एक शब्द नाही? तिन्ही मोठ्या वाहिन्या एका उमेदवाराच्या दावणीला बांधलेल्या. एनटीव्हीचे प्रमुख मालाशेंको येल्त्सिनच्या प्रचार पथकात बसलेले. सरकारी कंपन्यांचे समभाग ज्यांना कवडीमोलाने मिळाले त्या धनाढ्यांचा पैसा पाठीशी. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या मध्ये येल्त्सिनना हृदयविकाराचा झटका आला, तो देशापासून लपवला. अशा निवडणुकीत ४० टक्के मिळवणं म्हणजे काय याचाही विचार करा.

@वोल्गापार, तुमच्या आजींसाठीच मी भांडतोय. तुम्ही त्या पोरांबद्दल लिहिलंत ते नाकारणार नाही. माकाशोव यांनी १९९८ मध्ये ज्यूंबद्दल जाहीरपणे जे ओकलं, त्यावर दूमात निषेधाचा ठराव आला आणि कम्युनिस्टांनी तो पडू दिला. ते लज्जास्पद होतं. पण मला सांगा, त्या आजींनी जायचं कुठे? मॉस्कोत त्यांच्यासाठी दुसरा कुठला मोर्चा निघत होता?

पैलतीर

निघू शकत होता, हेच तर माझं म्हणणं. बोरिस कागारलित्स्की हे नाव घ्या. ब्रेझनेव्हच्या काळात डाव्या विचारांसाठी तुरुंगात गेलेला माणूस. १९९३ मध्ये संसदेवरच्या हल्ल्याच्या विरोधात होता, ऑक्टोबरात पोलिसांनी पकडून नेला. म्हणजे येल्त्सिनला विरोध करायला झारचा झेंडा हातात घ्यावाच लागत होता असं नाही. कामगार संघटनांसोबत मजूर पक्ष उभा करायचा प्रयत्न या लोकांनी केला. तो छोटा राहिला, कारण जुन्या पक्षाच्या शाखा, याद्या, गावोगावचे सचिव हे सगळं झ्युगानोव यांच्याकडे होतं. फेब्रुवारी १९९३ मध्ये पक्ष पुन्हा उभा राहिला तेव्हा रशियातली सर्वांत मोठी संघटना त्यांच्या हातात आली. ती त्यांनी कुठे नेली, हा त्यांचा निर्णय होता, परिस्थितीचा नव्हे.

दूमात त्यांनी काय केलं तेही पाहू. १९९६ ची निवडणूक हरल्यावर पुढच्याच महिन्यात चेर्नोमिर्दिन यांना पंतप्रधान म्हणून मान्यता देताना कम्युनिस्टांची मतं होतीच. ज्या सरकारला रस्त्यावर 'परक्यांचं हस्तक' म्हणायचं, त्यालाच सभागृहात हात वर करून मंजुरी द्यायची. पगार थकलेल्या खाणकामगारांनी १९९८ मध्ये रेल्वेमार्ग अडवले ते स्वतःच्या हिमतीवर. आणि मे १९९९ मध्ये येल्त्सिनवर महाभियोग आणला, तेव्हा पाच आरोपांत एक होता रशियन लोकांच्या वंशसंहाराचा. थकलेल्या पगाराचा हिशेब मागायचा सोडून वंशसंहार! एकाही आरोपाला ३०० मतं मिळाली नाहीत.

शेवटी १९ जानेवारी २०२२. युक्रेनपासून फुटलेल्या दोनेत्स्क आणि लुहान्स्कला मान्यता द्यावी असा ठराव दूमात मांडला तो कम्युनिस्ट खासदारांनी, पुतिन यांच्या पक्षाने नव्हे. १५ फेब्रुवारीला तो मंजूर झाला, नऊ दिवसांनी युक्रेनवर आक्रमण. १९९१ च्या त्या आवाहनापासून इथवरचा रस्ता मला सरळ दिसतो. आणि कागारलित्स्की? युद्धाला विरोध करत राहिले, फेब्रुवारी २०२४ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली.

अनुस्वार

रस्ता सरळ नाही, हे नोंदवतो. सप्टेंबर १९९८ मध्ये प्रिमाकोव यांच्या सरकारात कम्युनिस्ट मास्ल्युकोव उपपंतप्रधान होते. रुबल कोसळल्यानंतरचे ते आठ महिने, आणि अर्थव्यवस्था त्यात सावरायला लागली. त्या वेळी हा पक्ष राज्य चालवू शकतो असं दिसलं होतं. येल्त्सिननी प्रिमाकोवना काढलं नसतं तर कदाचित आपण वेगळ्या कम्युनिस्टांबद्दल बोलत असतो. २००३ मध्ये तर क्रेमलिननेच 'रोदिना' नावाचा डावा-राष्ट्रवादी गट पुढे करून झ्युगानोव यांची मतं फोडली. कम्युनिस्ट १२.६ वर आले, रोदिना ९ वर. ज्या मिश्रणातून आघाडी झाली ते मिश्रण क्रेमलिनलाही तयार करता येतं हे तेव्हा कळलं.

खडकवाट

@पैलतीर, २०२२ चं काढलंत तर पूर्ण काढा. आक्रमणानंतर दूमातून विरोधाचा आवाज कोणाचा आला? मात्वेयेव, स्मोलिन, मार्खायेव. तिघंही कम्युनिस्ट गटातले. मात्वेयेव म्हणाले की आपण ठरावाला मत दिलं ते शांततेसाठी, दोन्बासवर बाँब पडू नयेत म्हणून, कीववर पडावेत म्हणून नव्हे. सत्ताधारी पक्षातून, झिरिनोव्स्कींच्या पक्षातून असा एकही माणूस उभा राहिला नाही. तेव्हा त्या पक्षात सगळंच गिळलं गेलं होतं हे मला मान्य नाही.

झ्युगानोव यांचा बचाव मी करणार नाही, तेवढं तुम्ही पटवलंत. १९९३ च्या संसदेबद्दल आणि त्या मोर्चातल्या माणसांबद्दल मात्र माझं मत जिथल्या तिथे आहे. @वोल्गापार, जमलं तर ३-४ ऑक्टोबरच्या दिवसांत वसतिगृहात काय बोललं जात होतं ते लिहा. आजी कोणाच्या बाजूने होत्या?

वोल्गापार

@खडकवाट, त्या दोन दिवसांत आम्हाला बाहेर सोडलं नाही. टीव्हीवर काळं पडलेलं संसद भवन दाखवत होते. आजी येल्त्सिनला शिव्या देत होत्या, आणि आत बसलेल्या रुत्स्कोयलाही, कारण १९९१ मध्ये तोच येल्त्सिनसोबत होता. बार्काशोव कोण हे त्यांना माहीतच नव्हतं. मी सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. 'आपल्या लोकांत असली माणसं नसतात', म्हणाल्या.